विमानें विकत मिळतात, आकाश मिळत नाहीं



आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गचा किल्ला सोलापूर-हैदराबाद वाटेवर शतकानुशतकें पहारा देत आला. १९४८ सालीं हा मुलूख स्वतंत्र राहूं पाहणाऱ्या निजामांच्या संस्थानांत होता. ता. १३ सप्टेंबर रोजीं भारतीय सेना सोलापुराकडून आली आणि पहिल्याच दिवशीं नळदुर्ग तिच्या हातीं पडलें. लहान राज्यानें आपलें आकाश कसें राखावें, याचा धडा याच वाटेवर मिळतो.

निजामांस द्रव्याची वाण नव्हती. १९१८ सालीं ब्रिटिश विमानदलाच्या ११० व्या पथकाचीं पहिलीं विमानें त्यांच्याच देणगीचीं होतीं. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानांचें १५२ वें पथकही हैदराबादचें नांव धारण करून इंग्लंडच्या आकाशांत लढलें. परंतु १९४८ सालीं खुद्द निजामांपाशीं लढाऊ विमानदल नव्हतें. देणगीनें दात्याचें नांव मोठें होतें. वैमानिक, यंत्रज्ञ, इंधनाचे सांठे आणि कारखाने मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहतात.

संकट समीप आल्यावर सिडने कॉटन नांवाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीं शस्त्रें आणूं लागला. पण मालवाहू विमानांनीं बंदुका येतात. प्रतिपक्षाच्या विमानांस अटकाव होत नाहीं. ता. १४ रोजीं उमरग्याहून राजेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोर्चे भारताच्या टेंपेस्ट विमानांनीं उधळून लाविले. ता. १७ रोजीं निजामांनीं युद्ध थांबविलें.

इटालियन सेनापति जूलिओ दुए यांनीं १९२१ सालीं आकाशावरील प्रभुत्वाचा सिद्धान्त ग्रंथरूपानें मांडला. असें प्रभुत्व लहान राष्ट्राच्या आवाक्यांत नसतें. परंतु तें शत्रूस सुखासुखीं मिळूं न देणें त्याला साधतें. स्वीडननें आपलीं लढाऊ विमानें एकाच तळावर न ठेवतां महामार्गांवरूनही उडविण्याची योजना केली, आणि त्यांत इंधन व दारूगोळा भरण्याचें काम सक्तीच्या सैनिकी सेवेंतील तरुणांस शिकविलें.

अशी योजना यंत्रांइतकीच माणसांवर अवलंबून असते. रानोमाळ विखुरलेलें विमान गांवकऱ्यांच्या भरंवशावर सुरक्षित राहतें. रझाकारांच्या जुलुमानें गांजलेल्या आणि स्टेट काँग्रेसच्या हांकेला ओ देणाऱ्या आपल्या मुलखांत तो भरंवसा निजामांस कोठून लाभावा? म्हणून लहान राष्ट्रानें विमानांची यादी करण्यापूर्वीं, आपली प्रजा आपल्या बाजूस आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.