‘डायमेन्शन्स’ : एक उपेक्षित ध्वनिमुद्रिका

भक्ति म्हटली कीं मंद सूर, संथ लय आणि मिटलेले डोळे असें चित्र मनापुढें उभें राहतें. कर्कश वाद्यघोषांत श्रद्धेला जागा असूं शकेल, ही कल्पनाच पुष्कळांना रुचत नाहीं. या समजाला धक्का देणारी एक ध्वनिमुद्रिका १९९३ सालीं अमेरिकेंत निघाली. तिचें नांव ‘डायमेन्शन्स’. आणि ती सादर करणारा वादकसंघ म्हणजे पेन्सिल्व्हेनियांतील ‘बिलीव्हर’. आज तिची आठवण फार थोड्यांना आहे. तिची योग्यता मात्र मोठी आहे.

या संघाचें संगीत ‘थ्रॅश मेटल’ या जातीचें. १९८० नंतरच्या दशकांत मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स इत्यादि संघांनीं तें रूढ केलें. विजेच्या गिटारच्या तारा उजव्या तळहाताच्या कडेनें किंचित् दाबून त्यांवर अतिद्रुत आघात केले, म्हणजे एक कोरडा, तुटक नाद निघतो. पायानें वाजवावयाचा मोठा ढोल दोन्ही पायांनीं अखंड घुमत राहतो, आणि गायकाचा आवाज गाण्यापेक्षां गर्जनेकडे झुकतो. सामान्य थ्रॅशमध्यें चार मात्रांचें आवर्तन सहसा टिकून राहतें. ‘बिलीव्हर’च्या रचनांत तें वारंवार मोडतें, नव्या मात्रासंख्येवर उभें राहतें आणि श्रोत्याला सम सांपडते न सांपडते तोंच पुन्हां पालटतें. गायक व गिटारवादक कर्ट बाखमन आणि ढोलवादक जोई डॉब यांची एकमेकांशीं जमलेली लय हाच या सर्व बांधणीचा कणा होय.

संघाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८९ सालची. १९९० मधील ‘सॅनिटी ऑब्स्क्युअर’ या दुसरींत ‘डिएस इरे’ नांवाची रचना होती. अंतिम न्यायाच्या दिवसाचें वर्णन करणाऱ्या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राचें हें नांव. तींत ऑपेराच्या धर्तीचा उंच स्त्रीस्वर आणि तंतुवाद्यें थ्रॅशच्या कल्लोळाशीं सांगड घालून आलीं होतीं. त्या प्रयोगाची पूर्ण वाढ ‘डायमेन्शन्स’च्या अखेरीस दिसते. ‘ट्रिलॉजी ऑफ नॉलेज’ म्हणजे ज्ञानाची त्रयी. एक प्रस्तावना आणि असत्य, सत्य व किल्ली या नांवांचे तीन खंड मिळून ही रचना सुमारें २० मिनिटें चालते. येथें व्हायोलिन आणि स्त्रीस्वर हे शोभेसाठीं आलेले नाहींत. गर्जनेला उत्तर देणारा दुसरा पक्ष म्हणून ते उभे आहेत.

असें असतां ही कृति मागें कां पडली? १९९१ सालीं निर्वाणा या संघाची ध्वनिमुद्रिका गाजली आणि तरुण श्रोत्यांची अभिरुचि पालटली. त्याच वर्षीं खुद्द मेटॅलिकानेंहि आपली गति मंद केली. थ्रॅशचा बहर ओसरत असतांना ही अवघड रचना बाजारांत आली. शिवाय तिला दोन्ही घरचीं दारें अर्धवटच उघडीं होतीं. कित्येक धर्मशील कुटुंबांना हा गोंगाट सैतानी वाटे, तर मेटलच्या कित्येक चाहत्यांना ख्रिस्ती संघ म्हणतांच प्रवचनाचा वास येई. दोघांनींहि न ऐकतांच निकाल दिला. लौकरच संघ विसर्जित झाला आणि ‘गेब्रिएल’ ही त्याची पुढील ध्वनिमुद्रिका निघावयास २००९ साल उजाडावें लागलें.

‘डायमेन्शन्स’मध्यें उणीवा नाहींत असें नाहीं. गर्जनेंतील शब्द कानानें कळणें कठीण आहे आणि तो आवाज कांहीं ठिकाणीं एकसुरी होतो. म्हणून शब्द समोर ठेवून ती ऐकावी. प्रथम शेवटची त्रयी ऐकावी, नंतर आरंभाकडे यावें. पहिल्या वेळीं केवळ गोंधळ वाटेल. तिसऱ्या वेळीं त्या गोंधळांतील शिस्त दिसूं लागेल.

ज्याला श्रद्धा नाहीं, त्यानेंहि ही ध्वनिमुद्रिका ऐकण्यास हरकत नाहीं. ज्ञान कोठून येतें, मनुष्याच्या बुद्धीची सीमा कोणती, हे प्रश्न कोणत्याहि एका पंथाचे नाहींत. शंकेला टाळून शांत राहणारी श्रद्धा पुष्कळ ठिकाणीं भेटते. शंकेच्या कल्लोळांत शिरून आपला सूर धरून ठेवणारी श्रद्धा विरळा; आणि तिचा आवाज कसा असतो, हें येथें ऐकावयास मिळतें.