विटलेलं अन्न पोटात गेलं तर

(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीत आपण कापसाच्या भावाचं बोलतो, ज्वारीच्या खरेदीचं बोलतो, विजेचं आणि कर्जाचं बोलतो. आज पोटाचं बोलायचं आहे. खराब अन्न पोटात गेलं तर पहिल्या तासात काय करायचं, दिवसभरात काय करायचं आणि हातातलं काम टाकून दवाखाना केव्हा गाठायचा, एवढाच विषय. विषय लहान वाटेल. पण ऐन वेचणीत घरातली दोन माणसं आडवी झाली म्हणजे काय होतं, ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताह होता. एकादशीचा फराळ म्हणून भगर आणि आमटी वाढली. शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात जागा पुरेना. मग बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसांना जमिनीवर निजवून उपचार केले. त्या रात्री ज्यांनी धावपळ केली त्यांनी योग्यच केलं. आपण फक्त एक प्रश्न विचारायचा : त्या बाटलीत असतं काय? मुख्यतः पाणी आणि मीठ. आणि ज्याच्या पोटात घोटभर पाणी टिकतं, त्याला हेच पाणी-मीठ तोंडाने देता येतं. दोरी लागत नाही, सुई लागत नाही, सावकार तर नाहीच नाही.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. खराब अन्नाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात जंतूंनी विष आधीच तयार करून ठेवलेलं असतं. रात्रीचा भात सकाळपर्यंत उबेला राहिला, लग्नातली बासुंदी दुपारभर उघडी पडली, वाढणाऱ्याच्या बोटाला गळू होतं, अशा वेळी हे घडतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. हे विष पुन्हा उकळल्याने मरत नाही, म्हणून ‘गरम करून खाल्लं होतं’ याला अर्थ उरत नाही. दुसऱ्या प्रकारात जंतू पोटात जाऊन वाढतात. त्याला अर्धा दिवस, कधी दोन-तीन दिवस लागतात, आणि मग पोटात मुरडा, जुलाब, ताप.

दोन्हीत शरीर एकच काम करतं : नको ते बाहेर फेकतं. उलटी आणि जुलाब हा शरीराचा बंदोबस्त आहे. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा त्या अन्नाने नव्हे, तर अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. कोरडवाहूवाल्याला हे वेगळं शिकवायला नको. उन्हाने पीक लगेच मरत नाही. जमिनीतली ओल संपली की मरतं. माणसाचंही तसंच. ओल टिकवली की माणूस टिकला.

हे खरं कशावरून? १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलरा उसळला. सलाईन संपत आलं. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांत कालवलं आणि नातेवाइकांच्याच हाती पेले देऊन रोग्यांना पाजायला लावलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, तिथे मरण चारच्याही खाली आलं. २०२२ मध्ये डॉक्टर गेले आणि २०२३ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. पण खरं काम त्या आयाबायांनी आणि बापभावांनी केलं होतं, ज्यांनी रात्रभर बसून घोटघोट पाणी पाजलं.

आता कृती सांगतो, घरी जाऊन बायामाणसांना आणि पोरांनाही सांगा.

अन्न खराब होतं असं कळलं की खाणं तिथेच थांबवा. बोटं घालून, मिठाचं कडक पाणी पाजून उलटी काढू नका. त्याने पाणी जास्त जातं, आणि मूल असेल तर मीठच अंगावर येतं. ते अन्न फेकून भांडं घासायची घाई करू नका. थोडंसं झाकून, पोरा-जनावरांपासून दूर ठेवा, डॉक्टरला दाखवायला लागतं. आणखी कोणी कोणी खाल्लं आणि किती वाजता, हे लगेच विचारून घ्या.

त्रास सुरू झाला की जलसंजीवनी. आशाताईंकडे, उपकेंद्रात पाकीट मिळतं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घ्यायचं, बहुधा एक लिटर. निम्मं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन बघा : डोळ्यातल्या आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. मीठ जास्त होणं धोक्याचं आहे. केलेलं पाणी चोवीस तासांच्या वर ठेवू नका.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्या माणसाला पिववेल तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. ‘पाजलं की ओकतो’ म्हणून बंद करणं हीच मोठी चूक. अंगावरचं दूध चालूच ठेवा. भाताची पेज, पातळ ताक, वरणाचं पाणी चालतं. उलटी थांबली की मऊ भात, खिचडी, केळं द्या. उपाशी ठेवल्याने पोट लवकर बरं होत नाही. लहान मुलाला जुलाबात झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, त्या उपकेंद्रात मागा.

जुलाब बंद करायची गोळी लहान मुलाला कधीच देऊ नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नका. आतली घाण आतच कोंडते. प्रतिजैविकाची गोळीही आपल्या मनाने नको. आणि ‘एक बाटली चढवा, ताकद येते’ असं म्हणून धडधाकट पाणी पिणाऱ्या माणसाला सलाईन लावून घेऊ नका. त्या पैशात घरात आठवडाभराचं किराणा येतं.

पण सलाईनची खरी गरज असते तेव्हा क्षणभरही थांबायचं नाही. पाण्याचा घोटही टिकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, माणूस सुस्त पडला, बरळायला लागला, जुलाबात रक्त, कडक ताप, डोळ्यांना दोन-दोन दिसतं किंवा जीभ जड झाली, दोन दिवसांत उतार नाही. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर यांतल्या कशाची वाट न पाहता दाखवून आणा.

आता आपल्या कापसाच्या मुलखाची खास गोष्ट, ही नीट ऐका. फवारणीच्या हंगामात शेतात कुणाला उलटी-जुलाब झाले की पहिला संशय डब्यावर जातो. ‘सकाळची भाजी विटली असेल’. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले, हे विसरू नका. कीटकनाशकाची बाधाही उलटी-जुलाबानेच सुरू होऊ शकते. फरक असा ओळखा : तोंडाला लाळ सुटते, अंगाला दरदरून घाम येतो, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, अंगाचे स्नायू उडतात, छाती भरून श्वास अडतो. असं दिसलं तर साखर-मिठाच्या पाण्यावर एक मिनिट घालवू नका. उलटी काढू नका, दूध-लिंबू पाजू नका. कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग धुवा, औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घ्या आणि थेट मोठा सरकारी दवाखाना गाठा. आणि पेरून उरलेलं रंगीत बियाणं धुऊन दळायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही. धुण्याने रंग जातो, विष जात नाही.

शेवटची गोष्ट काळ्या ज्वारीची. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि पुढे खरिपात लवकर येणारे वाण पसरले. उत्पन्न वाढलं, पण जुनी ज्वारी पाऊस सरल्यावर पिकायची, ही भर पावसात पिकते. कणसावर पाणी पडतं, बुरशी धरते, दाणा काळा पडतो. बाजार तो घेत नाही, घेतला तर मातीमोल. मग आपण काय करतो? पांढरा दाणा विकतो आणि काळा घरी ठेवतो.

१९९५ साली दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसाने भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका लोकांनी खाल्ला. पोटात कळा, गुरगुर आणि जुलाब. पाहणी झालेल्या ५० गावांपैकी २७ गावांत हा आजार सापडला. दाण्यात फ्युमोनिसिन नावाचं बुरशीचं विष निघालं. त्याआधी १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरसलेला मका आठवडेच्या आठवडे खाऊन लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि शंभरावर माणसं गेली. ते अफ्लाटॉक्सिन, लिव्हर खाणारं विष. भुईमुगाच्या बुरसलेल्या, कडू दाण्यातही तेच असतं.

हे विष धुऊन, पाखडून, भाजून पुरतं जात नाही. तव्यावरची भाकरी कितीही कडक केली तरी उरतंच. अशी भाकरी एखाद्या वेळी पोटात गेली आणि जुलाब झाले तर वर सांगितलेलाच उपाय, आणि ते धान्य त्याच दिवसापासून बंद. घरातल्या सगळ्यांना एकदमच त्रास होत असेल तर पिठाच्या डब्यात बघा. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं तर घरगुती काही करत बसू नका, दवाखान्यात जा आणि धान्याचा नमुना बरोबर न्या. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला की ज्वारी पक्व झाली असं समजा; पावसाचा रंग दिसत असेल तर तेव्हाच कापा आणि आडोशाला वाळवा. दाताखाली कट्टकन फुटेल इतका दाणा वाळल्याशिवाय कणगीत भरू नका.

आणि मायबहिणींनो, एक तुमच्यासाठी. घरात शिळं उरतं ते कोण खातं? ‘टाकवत नाही’ म्हणून तुम्हीच खाता. अन्न टाकवत नाही ही आपली रीत चांगली आहे, कारण ते पिकवायला काय लागतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण विटलेलं वरण हे अन्न राहिलेलंच नसतं. मूठभर वरणापायी तीन दिवसांची मजुरी जाते, आणि आजारी पडून पाणी पाजायला उरणारं घरात दुसरं कुणी नसतं.

तेव्हा इथून जाताना एवढं ठरवून जाऊ. प्रत्येक घरी जलसंजीवनीची दोन पाकिटं आणि लिटरचं एक माप चुलीजवळच्या फळीवर. गावातल्या प्रत्येक सप्ताहात, प्रत्येक लग्नात, जिथे पंगत बसेल तिथे हीच पाकिटं आधी आणून ठेवायची. गावात एकाला तरी फवारणीच्या बाधेची लक्षणं तोंडपाठ पाहिजेत. पुढच्या बैठकीत आम्ही भावाचं विचारू, कर्जाचं विचारू, आणि त्याबरोबर हेही विचारू : पाकिटं फळीवर आहेत का?