भ्रमंतीचे जुने सामान



जुन्या वस्तूंविषयी आपल्या मनाची ठेवण मोठी चमत्कारिक आहे. रविवारी अबिड्सच्या पदपथांवर पसरलेल्या ढिगांतून एखादे दुर्मिळ पुस्तक हाती लागले, तर ते आपण चारचौघांत अभिमानाने दाखवितो. आमच्या चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयातील पुस्तक शेकडो हातांतून फिरून आपल्याकडे येते. त्याला कोणी उष्टे मानीत नाही. परंतु दुसऱ्याच्या पाठीवरची सॅक किंवा दुसऱ्याने वापरलेला तंबू विकत घ्यावयाचा म्हटले की कपाळाला आठी पडते. बोहारणीला जुनी लुगडी देऊन पातेले घेणाऱ्या घरांत तर ही आठी अधिकच ठळक असते. ती लुगडी पुढे कोणाच्या तरी अंगावर जातात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

हा विषय मला शाळेमुळे सुचला. हैदराबादपासून सुमारे ५० किलोमीटरवर भोंगीरचा किल्ला आहे. एका अखंड कातळावर तो उभा आहे आणि आगगाडीने तेथे सहज जाता येते. निजामाबाद जिल्ह्यातील शेतमजुराची कन्या मालावत पूर्णा हिने याच कातळावर चढाईचे प्राथमिक धडे घेतले आणि २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. तेव्हा तिला चौदावे वर्षही पुरे झाले नव्हते. ती सरकारी निवासी शाळेची विद्यार्थिनी. मोहिमेचा भार शासनाने उचलला म्हणून हे घडले. आमच्या मुलांना एव्हरेस्ट नको असते. भोंगीर, विकाराबादजवळचे अनंतगिरीचे रान आणि एखादी रात्र तंबूत, एवढेच त्यांचे मागणे असते. तरीही सामानाची यादी घरी गेली की दुसऱ्या दिवशी काहींच्या आया आजारी पडतात, काहींच्या घरी अचानक लग्न निघते. शिक्षकाला त्या लग्नाचा मुहूर्त बरोबर कळतो.

अशा मुलासाठी वापरलेले सामान हाच मार्ग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला माल ‘डिस्पोजल’ या नावाने बाजारात आला, तेव्हा पुष्कळांची भटकंती त्या खाकी हॅवरसॅकवर झाली. काठमांडूच्या थामेल भागात परदेशी मोहिमांनी मागे ठेवलेले कोट आणि बूट आजही विकले जातात. तेथेच बड्या कंपन्यांची नावे शिवलेला नवा नकली मालही ढिगाने मिळतो. माझ्या मते त्या कोऱ्या नकलेपेक्षा खरा जुना कोट शतपटीने बरा. आपल्या शहरात गुरुवारचा जुमेरात बाजार आहे, एर्रागड्डाचा रविवारचा बाजार आहे. शिवाय एकदाच ट्रेकला जाऊन आलेल्या हौशी कुटुंबांची माळ्यावरची अडगळ आहे. ती अडगळ मला बाजारापेक्षा अधिक आवडते, कारण तेथे वस्तूचा इतिहास विचारता येतो.

मात्र जुने घ्यावयाचे ते डोळे उघडे ठेवून. सॅक घेताना पट्ट्यांच्या शिवणी ओढून पाहाव्यात. चेन दोन्ही बाजूंनी फिरवावी. ती अडखळत असेल तर मेणबत्ती घासल्याने बहुधा सुधारते. पिसांची स्लीपिंग बॅग मुठीत दाबून सोडावी. ती पुन्हा फुगून आली तर आत अजून ऊब आहे असे समजावे. तंबू उलटा करून आतून हुंगावा. हसू नका, पाणी अडविणारा आतला लेप दमट हवेने सडला की तो चिकट होतो व त्याला आंबूस वास येतो, आणि मग तो तंबू फुकट मिळाला तरी महाग. बुटांची गोष्ट तर सर्वांहून विलक्षण. नियमित वापरलेला जोडा पुष्कळदा टिकतो, आणि सात-आठ वर्षे खोक्यात पडून राहिलेल्या कोऱ्या दिसणाऱ्या जोड्याच्या तळव्यातील फोम डोंगरावर अक्षरशः पिठासारखा भुगा होऊन गळतो. म्हणून तळवा वाकवून, अंगठ्याने दाबून पाहावा. ‘एकदाच घातले आहेत’ ही शिफारस नव्हे.

दोरी, कमरेचा पट्टा आणि शिरस्त्राण या तीन वस्तू मात्र अनोळखी हातांतून कदापि घेऊ नयेत. उन्हाने किंवा आम्लाच्या स्पर्शाने नायलॉनचे बळ जाते, पण दोरी दिसावयास तशीच राहते. न वापरलेल्या दोरीलाही कारखानदार बहुधा दहा वर्षांहून अधिक आयुष्य देत नाहीत. शिरस्त्राणाने एक जबर आघात सोसला असेल, तर त्याची तडे गेलेली कवटी रंगाखाली दडून राहते. येथे काटकसर करणाऱ्याला मी काटकसरी म्हणणार नाही. सॅक आणि तंबू यांवर वाचलेले पैसे नव्या दोरीकडे वळवावेत, हाच खरा हिशेब.

आमच्या शाळेत आता एक लोखंडी कपाट आहे. त्यात सहा सॅक, दोन तंबू आणि निरनिराळ्या मापांचे बूट आहेत. सारे कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावरून आलेले. ज्याला हवे त्याने वहीत नाव लिहून न्यावे. ज्यांच्या घरी नवे आहे, तीही मुले आता कपाटातलेच मागतात, कारण त्या सॅक अधिक ठिकाणी जाऊन आल्या आहेत. परत आल्यावर तंबू सावलीत पुरता वाळविल्याखेरीज आत घेतला जात नाही. सध्या वहीत दुसऱ्या तंबूपुढे ‘छताच्या शिवणीतून पाणी झिरपते’ असा एका आठवीतल्या मुलीने लिहिलेला शेरा आहे, आणि मृग लागण्यापूर्वी ते काम उरकावयाचे आहे.