मुळांचे आसन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मातीविना भाजी’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. गेल्या वर्षी मंडळाच्या शिलकीतून आपण गच्चीवर चोवीस कुंड्यांत पालक लावला आणि तो माझ्या देखरेखीखाली तीन आठवड्यांत वाळला, हे तुम्ही सर्वजणी जाणताच. परंतु त्या बागेविषयी एक गोष्ट सांगावयाची राहून गेली आहे. ती सांगण्यासाठीच आज उभी राहिले आहे.

मातीविना शेतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी १९३७ साली पुढे आणले. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँग येथे या पद्धतीचे प्रयोग केले आणि १९५१ साली त्यांचे ‘बंगाल पद्धती’वरील पुस्तक निघाले. महागड्या यंत्रांना फाटा देऊन त्यांनी खडी व वाळूच्या वाफ्यांना हातानेच खतपाणी दिले. तेव्हा हे काम आपल्यासारख्या गृहिणींच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही.

माती रोपाला अन्न, पाणी, हवा आणि आधार अशा चार गोष्टी देते. येथे अन्न आपण पाण्यात विरघळवून देतो. राहिलेली तीन कामे ज्यात रोप बसवावयाचे त्या माध्यमाने करावयाची. माध्यम हे रोपाचे जेवण नव्हे, ते मुळांचे आसन आहे. मुळांना पाणी लागते हे कोणीही सांगेल. मुळांना श्वासही लागतो, हे मात्र आपण विसरतो आणि सदा चिंब ठेवून त्यांना कुजवतो.

बाजारात गेलात म्हणजे “सर्वांत चांगले कोणते?” असे विचारू नका. “मी दिवसातून किती वेळा पाणी घालू शकेन?” असे आधी स्वतःला विचारा. खडी किंवा भाजलेल्या मातीचे हलके गोळे पाणी फार धरत नाहीत. त्यांत हवा भरपूर. पण पाणी वारंवार द्यावे लागते, नाहीतर पंप हवा. जी बाई सकाळी नोकरीवर जाऊन संध्याकाळी परतते, तिची रोपे त्यात दुपारीच माना टाकतील. तिने कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, घ्यावा; तो पाणी धरून ठेवतो. त्यात पर्लाइटचे पांढरे दाणे मिसळले की हवाही खेळते. पर्लाइट हाताळण्यापूर्वी ओले करावे, कारण त्याची धूळ नाकात जाते.

गच्चीवरचे वजनही विसरू नये. दहा लिटरची बादली खडीने भरली तर ती सुमारे पंधरा किलो होते. तीच पर्लाइटने भरली तर जेमतेम किलोभर. खडी घेतलीत तर ती धुऊन तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तीत चुना आहे. ती खतपाण्याची आम्लता बिघडवते. समुद्राची वाळू तर नकोच. तीत मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही.

आता ती राहिलेली गोष्ट. पालकाच्या पानांच्या कडा जळू लागल्या, तेव्हा मी सभेत “कीड लागली” असे सांगितले. ते खरे नव्हते. कीड एकाही पानावर दिसली नव्हती. मंडळाचे पैसे गेले, काय चुकले ते मला कळत नव्हते आणि तसे म्हणावयाची लाज वाटली. पुढे शेजारच्या मुलीने पाण्यातील क्षार मोजण्याची कांडी आणली. उरलेला भुसा आम्ही नळाच्या पाण्यात भिजवून निथळला. नळाचे पाणी ११० दाखवीत होते, निथळलेले १९००! किनाऱ्याकडे सोडणे पुष्कळदा खाऱ्या पाण्यात मुरत घालतात. ते क्षार भुशात राहतात. मी तो न धुताच कुंड्यांत भरला होता. आमच्या काकू एवढेच म्हणाल्या, “अगं, तांदूळसुद्धा आपण तीन पाण्यांनी धुतो!”

माझ्या लाजेची किंमत मी एकटीनेच दिली असती तर गोष्ट वेगळी. परंतु “कीड लागली” यावर विश्वास ठेवून आपल्यातल्या दोघींनी तसाच भुसा आणला, तसाच न धुता भरला, आणि त्यांचीही रोपे गेली. मी खरे बोलले असते तर ती वाचली असती. त्या दोघींची आणि तुम्हां सर्वांची मी आज क्षमा मागते.

आता भुसा कसा तयार करावा ते सांगते. निथळलेले पाणी नळाच्या पाण्याइतके होत येईपर्यंत तो धुवावा. मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा निथळावा. भुशाला चिकटलेले सोडियम काही नुसत्या धुण्याने जात नाही. कॅल्शियम त्याची जागा घेऊन त्याला बाहेर काढते.

हवेची परीक्षाही घरीच होते. तळाला भोक असलेला लिटरभराचा डबा घ्या. भोक बुचाने बंद करून त्यात ओलसर माध्यम भरा आणि वर चमक येईपर्यंत सावकाश पाणी ओता. मग बूच काढून निथळलेले पाणी मापा. जितके पाणी बाहेर आले, तितकी हवा आत गेली. दोनशे मिलिलिटरच्या आसपास आले तर ठीक. फारच कमी आले तर पर्लाइट वाढवा.

यंदा मी स्वखर्चाने सहा कुंड्या लावल्या आहेत. तीनमध्ये धुतलेला भुसा, तीनमध्ये न धुतलेला. बाकी बी, पाणी, ऊन सर्व एक. चहा झाल्यावर सर्वजणींनी गच्चीवर यावे आणि दोन्हीकडची पाने पाहावीत. माझ्या शब्दावर या वेळी विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.