थकवा वेगळा, अशक्तपणा वेगळा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला मधुमेहावर बोलायला सांगितलं तेव्हा मी एक अट घातली. काय खावं आणि काय खाऊ नये यावर मी बोलणार नाही. त्या विषयात आपल्या मंडळातला प्रत्येक सभासद तज्ज्ञ आहे, आणि प्रसादाचा मोदक हातात घेतला की ते ज्ञान मला दरवर्षी चहूबाजूंनी मिळतंच. मी डॉक्टर नाही. रोलिंग मिलमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि गेली सतरा वर्षं इन्सुलिन घेतो आहे. तेव्हा आज जे सांगतो ते एका रोग्याने डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतःच्या वहीत लिहून जमवलेलं आहे असं समजा.

विषय निवडण्याचं कारण असं की गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तिघांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "इन्सुलिन सुरू केल्यापासून अंगात त्राण राहिलं नाही. थोडे दिवस बंद करून पाहू का?" तिघांनाही मी सांगितलं, बंद करू नका, आधी कारण शोधा. पण जिन्यात उभं राहून एवढंच सांगता येतं. आज जरा सविस्तर सांगतो.

इन्सुलिनमुळे माणूस खंगतो ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. तेव्हा त्याचं वजन ३० किलोच्याही आत होतं, नुसता हाडांचा सापळा. बँटिंग आणि बेस्ट यांच्या त्या शोधाआधी अशी मुलं काही महिन्यांत जात असत. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर असूनही स्नायूंना ती पुरेशी वापरता येत नाही, आणि शरीर स्वतःचेच स्नायू आणि चरबी मोडून खायला लागतं. म्हणजे इन्सुलिन स्नायू झिजवत नाही, राखतं. टाइप १ मधुमेहात ते बंद केलं तर दोन-चार दिवसांतच जिवावर बेतू शकतं. टाइप २ मध्ये इतकं झटपट होत नाही म्हणून लोकांना वाटतं की निभावलं. निभावलेलं नसतं.

मग थकवा येतो कुठून?

इथे मी भाषेबद्दल थोडं बोलतो. इतकी वर्षं भिलाईत राहून आपण सगळेच डॉक्टरांना सांगताना एक शब्द वापरतो, "कमजोरी". डॉक्टरसाहेब, बहुत कमजोरी है. त्या एका शब्दात आपण चार तक्रारी कोंबतो. आपल्या मराठीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत. थकवा म्हणजे काम करावंसं वाटत नाही, झोपून उठलं तरी ताजेपणा नाही, पण वेळ पडली तर बादली उचलता येते. अशक्तपणा म्हणजे मनात असूनही बादली उचलत नाही, जिना चढताना मांडी साथ देत नाही. गळून जाणं म्हणजे अचानक, दहा-पंधरा मिनिटांत, हातपाय कापून घाम सुटणं. आणि दम लागणं हे आणखी निराळं. यातल्या प्रत्येकाची कारणं वेगळी आहेत. डॉक्टरांच्या समोर आपल्याला पाच मिनिटं मिळतात. त्यात नेमका शब्द सांगितला तर निम्मं काम झालं. डॉक्टर हिंदीभाषक असतील तर "कुर्सी से उठा नहीं जाता" असं सांगा, "कमजोरी" म्हणू नका.

माझंच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी मला दोन्ही गोष्टी एकदम सुरू झाल्या. काही सकाळी उठल्यावर डोकं जड, अंग मोडून आल्यासारखं, उशी घामाने ओली. आणि शिवाय सत्यनारायणाला किंवा अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला जमिनीवर मांडी घालून बसलो की उठताना कुणाचा तरी हात लागायचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी उत्तम होती. एका ठिकाणी तर मला सांगण्यात आलं की रिपोर्ट चांगला आहे, वय झालं आता. वय तर माझ्या घरातल्या सगळ्यांचंच झालेलं होतं.

मिलमधल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. रिहीटिंग फर्नेसचं सरासरी तापमान बरोबर दिसत असलं तरी एखादा ब्लूम आतून थंड राहतो आणि रोलवर यायचा तो ताण येतोच. सरासरी म्हणजे सरासरी. दिवसा २४० आणि रात्री ६० असेल तरी सरासरी शहाण्यासारखीच दिसते. शिवाय रक्त कमी असेल तर ही तपासणी फसवूही शकते.

मी वही घातली. तारीख, इन्सुलिनची मात्रा, जेवणाची वेळ, दिवसभरात अंगमेहनतीचं काय केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं. पंधरा दिवसांत दिसलं की वाईट सकाळ बहुतेक वेळा बागकामाच्या किंवा लांब फिरायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी येते. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून अशा दिवशी गजर लावून रात्री दोन वाजता साखर तपासली. ५८ निघाली. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात आणि ५४ च्या खाली गंभीर. मी झोपेत होतो म्हणून मला पत्ता नव्हता, आणि सकाळच्या उपाशीपोटी तपासणीत ती पुन्हा ठीकठाक दिसायची. डॉक्टरांनी रात्रीची मात्रा बदलली, मेहनतीच्या दिवसांसाठी वेगळी सूचना दिली, आणि त्या जड सकाळी दोन आठवड्यांत गेल्या. आता दंडावर लावायचे सेन्सरही मिळतात. पंधरवडाभर रात्रंदिवस नोंद ठेवतात. ज्यांना परवडतं त्यांनी वर्षातून एकदा तरी लावून पाहावा.

मेहनतीचा आणि रात्रीचा संबंध काय, हे मला फार रंजक वाटलं म्हणून सांगतो. स्नायूच्या पेशीत साखर शिरायला दारं असतात. ती एरवी आत दडवून ठेवलेली असतात. इन्सुलिन आलं की ती पृष्ठभागावर येतात आणि साखर आत जाते. पण याच दारांना दुसरी किल्लीही आहे. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे आपण चाललो, वजन उचललं, की इन्सुलिनविनाही ती वर येतात. आणि काम थांबल्यानंतर कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, तो स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देत राहतो, कारण त्याला रिकामी झालेली कोठारं भरायची असतात. त्यात रात्रीचं नेहमीचं इन्सुलिन घेतलं की साखर मध्यरात्री खाली घसरते.

आता अनंत चतुर्दशीचा विचार करा. दुपारपासून लेझीम, मूर्ती उचलणं, शिवनाथपर्यंत जाणं, जेवणाची वेळ टळलेली, घरी येऊन थकून झोप. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी वर्षातली सगळ्यांत धोक्याची रात्र तीच. मिरवणुकीला जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही, मी स्वतः जातो. त्या दिवशीची मात्रा काय ठेवायची हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, खिशात ग्लुकोज ठेवा आणि झोपण्यापूर्वी साखर तपासा. आणखी एक. साखर उतरली की लोक प्रेमाने पेढा नाहीतर मोदक तोंडात घालतात. पेढ्यातला खवा आणि मोदकातलं खोबरं-तूप साखरेचं शोषण मंद करतात. तिथे ग्लुकोजची पावडर किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि कमीच असेल तर पुन्हा द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हरतालिकेचा कडक उपास करणाऱ्या आणि इन्सुलिनही घेणाऱ्या भगिनींनी हा भाग दोनदा ऐकला असं समजावं.

बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. तेवढी खूण लक्षात ठेवा.

हा झाला थकवा. माझा जमिनीवरून उठण्याचा प्रश्न तरीही शिल्लक होता, कारण तो अशक्तपणा होता. त्याची दोन कारणं निघाली. पहिलं, ब जीवनसत्त्वातलं बी-१२ फार कमी होतं. इन्सुलिनच्या जोडीला आपल्यापैकी बरेच जण मेटफॉर्मिन घेतात. ती चांगली गोळी आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ चं शोषण कमी होऊ शकतं. त्यात शाकाहारी घर, म्हणजे मुळात पुरवठा बेताचा. बी-१२ कमी झालं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि हे सगळं मधुमेहाने नसा बिघडल्यासारखंच दिसतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. सापडलं तर उपाय सोपा आहे, मला काही इंजेक्शनं आणि मग गोळ्या दिल्या.

दुसरं कारण साधं होतं. मांड्यांचे स्नायूच कमी झाले होते. वाढतं वय आणि मधुमेह दोन्ही मिळून स्नायू झिजवतात, आणि निवृत्तीनंतर माझं उठणं-बसणं सोफ्यापुरतं उरलं होतं. नुसतं चालून मांडीत ताकद येत नाही, हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. त्यांनी खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि पाच वेळा उठ-बस करायला सांगितलं. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पाय कमजोर धरतात. मला बावीस लागले. मग आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, तीच उठ-बस, भिंतीला टेकून अर्धं बसणं, पाण्याच्या बाटल्या घेऊन दंडाचे व्यायाम. चार महिन्यांनी तेरा सेकंद. अजून चालू आहे.

स्नायूला कच्चा माल लागतो तो प्रथिनांचा. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब किलोमागे रोज साधारण पाऊण ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. एका वाटीतलं पातळ वरण त्याला कुठवर पुरणार? उसळ, दही, पनीर, सोयाबीन, चालत असेल त्याला अंडी, असं प्रत्येक जेवणात हवं. पण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारायचं.

इन्सुलिन नीट पोचतंय का, हेही पाहावं लागतं. एकाच जागी टोचत राहिलं तर कातडीखाली गाठ बनते. तिथे दुखत कमी म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि औषध कधी उशिरा तर कधी एकदम शोषलं जातं. जागा बदला, बोटभर तरी सरका. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १००चं. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची नारिंगी. १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट जातं. गावी गेल्यावर तिथल्या दुकानातून घाईने सिरिंज घेताना हे तपासा. आणि आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. ४५ अंशांत स्कूटरच्या डिकीत राहिलेलं इन्सुलिन निकामी होतं, तसंच फ्रीझरमध्ये गोठलेलंही. न उघडलेलं फ्रीजच्या दारात, चालू असलेलं थंड जागी, वीज नसेल तर मातीच्या मडक्यात.

साखर सतत १८०च्या वर राहिली तर ती लघवीवाटे जाते, पाणीही ओढून नेते, आणि थकवा येतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी यादी डॉक्टरांकडे असते. थायरॉइड, रक्त कमी असणं, ड जीवनसत्त्व, पोटॅशियम, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉलच्या गोळीने दुखणारे स्नायू. उदासपणाही, ज्याबद्दल आपण पुरुष मंडळी बोलत नाही. एकाच मांडीत तीव्र कळा येऊन ती बारीक होत गेली तर तो नसांचा वेगळा विकार असू शकतो. तो बहुधा हळूहळू सुधारतो, पण दाखवायला हवा.

मात्र काही गोष्टींना वही नको, गाडी हवी. एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं. उलट्या, पोटदुखी आणि खोल जोरजोरात श्वास. थोड्या चालण्याने नव्यानेच दम लागून गळून जाणं, कारण मधुमेहात हृदयाचा झटका छातीत न दुखताही येतो. आणि आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने थांबवायचं नाही, फोन करून विचारायचं.

आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. बिनहातांच्या चार खुर्च्या मी भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत आणि घड्याळ माझ्याकडे आहे. ज्यांना पाच उठ-बस करून पाहायच्या असतील त्यांनी या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि ज्यांचा तोल जातो त्यांनी बसूनच प्रश्न विचारावेत.