खेळांतील गिटार : अधिकृत कीं तिऱ्हाईत?



एका निवृत्त शाळामास्तरानें व्हिडिओ-गेमविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांना विनोदाचें वाटेल. पूर्वीं मलाहि तसेंच वाटलें असतें. परंतु गेल्या वर्षीं मी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें मुलीकडे सहा महिने राहून आलों, आणि तेथें एका खेळण्यांतल्या गिटारीपायीं माझ्या हातून दहा वर्षांच्या नातवावर अन्याय घडला. त्या प्रसंगानें मला जें शिकविलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम हा खेळ कसा असतो तें सांगितलें पाहिजे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक रस्ता दिसतो आणि त्यावरून रंगीत ठिपके गाण्याच्या लयीनें आपल्याकडे सरकत येतात. खेळणाराच्या हातांत गिटारीच्या आकाराचें उपकरण असतें. त्याला तारा नसतात. दांडीवर हिरवें, तांबडें, पिवळें, निळें व नारिंगी अशीं पांच बटणें असतात, आणि तारांच्या जागीं खालींवर हलणारी एक पट्टी असते. ठिपका रेषेवर आला कीं डाव्या हातानें त्या रंगाचें बटण दाबावयाचें व उजव्या हातानें पट्टीला झटका द्यावयाचा. वेळ साधली तर गाणें चालूं राहतें. चुकली तर सूर तुटतो. या उपकरणालाच कंट्रोलर म्हणतात.

हें उपकरण विकत घेतांना पहिला प्रश्न उभा राहतो तो अधिकृत कीं तिऱ्हाईत हा. खेळ काढणाऱ्या अथवा खेळाचें यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें स्वतः काढलेलें उपकरण तें अधिकृत. या कंपन्यांशीं संबंध नसलेल्या कारखानदारानें बनविलेलें तें तिऱ्हाईत. दोहोंच्या मध्यें एक तिसरा वर्ग आहे : बनविणारा परका, पण यंत्रवाल्या कंपनीचा रीतसर परवाना घेतलेला.

माझ्या जांवयांनीं स्वस्त पाहून एक तिऱ्हाईत गिटार मागविली. नातू हरखून खेळावयास बसला. संथ गाणीं त्याला साधत. गाणें जलद झालें कीं सूर तुटूं लागे. मीं गांवच्या भजनांत तीस वर्षें तबला धरला आहे, त्यामुळें मला निकाल देण्याची घाई झाली. मी म्हणालों, "तुझा हात लयींत नाहीं. आधीं टाळी धरावयास शीक." तो म्हणाला, "आजोबा, मी बरोबर वेळेला मारलं होतं." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. चूक केलेलीं मुलें असेंच म्हणतात, हा माझा जन्मभराचा अनुभव. त्यानें गिटार कपाटामागें ठेविली आणि दोन दिवस तिला हात लाविला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं तो शाळेंत गेल्यावर मीं ती बाहेर काढली. मुलीकडून खेळ सुरू करून घेतला आणि स्वतः बसलों. माझाहि सूर तुटूं लागला. तेव्हां कागद-पेन्सिल घेतली आणि झटके मोजले. पट्टी खालीं ओढून पन्नास, वर ओढून पन्नास. खालचे पन्नासहि यंत्रानें धरले. वरच्या पन्नासांपैकीं अकरा गळाले. जलद गाण्यांत खेळणारा एक झटका खालीं व एक वर असाच हात चालवितो. म्हणजे मुलाचा हात तालांत होता आणि पट्टी खोटें बोलत होती.

तो घरीं आल्यावर मीं त्याला तो कागद दाखविला आणि म्हटलें, "चूक तुझी नव्हती, माझी होती." त्यानें कागद पाहिला आणि एवढेंच म्हटलें, "मी सांगितलं होतं ना?" छत्तीस वर्षांच्या नोकरींत मीं किती मुलांचें असें सांगणें ऐकून घेतलें नसेल, हा विचार त्या रात्रीं माझ्या मनांतून गेला नाहीं.

आपण म्हणाल, तर मग अधिकृतच घ्यावें. मींहि तसेंच म्हटलें. शेजाऱ्यांच्या माळ्यावर एक जुनी अधिकृत गिटार होती, ती मागून आणली. ती मुलीकडील यंत्राशीं बोलेचना, कारण ती दुसऱ्या कंपनीच्या यंत्रासाठीं केलेली होती. नांव मोठें, परंतु येथें निरुपयोगी.

या धंद्याचा इतिहासहि हेंच सांगतो. २००५ सालीं 'गिटार हिरो' हा खेळ निघाला. तो हार्मोनिक्सनें रचला व रेडऑक्टेन या कंपनीनें गिटारीसह बाजारांत आणला. हीच रेडऑक्टेन त्यापूर्वीं कोनामी या जपानी कंपनीच्या नाचाच्या खेळासाठीं चटया बनवून विकीत असे, म्हणजे तेथें ती तिऱ्हाईतच होती. उलट २०१५ सालीं निघालेल्या 'गिटार हिरो लाइव्ह'ला सहा बटणांची नवी गिटार लागे. घरोघरच्या पांच बटणांच्या अधिकृत गिटारी त्याला चालत नसत. पुढें २०१८ च्या डिसेंबरांत त्या खेळाचा जाळ्यावरून गाणीं पुरविणारा भाग बंद झाला, आणि त्या नव्या गिटारीचेंहि बरेंचसें काम संपलें. तिऱ्हाइताला दुसरें भय असतें. २०२३ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स यंत्रावर परवाना नसलेलीं उपकरणें अडविण्यास आरंभ केला, आणि काल चालणारें उपकरण आज बंद पडूं लागलें.

आतां वेळेच्या हिशेबाकडे वळूं. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिची चौगुण केली तर एकेका झटक्याला सेकंदाचा आठवा भाग मिळतो. इतक्या अरुंद जागेंत पडद्याचा वा उपकरणाचा थोडा उशीरहि जाणवतो. मात्र उशीर दोन प्रकारचा असतो. शाळेचें घड्याळ रोज नेमकें पांच मिनिटें मागें असेल, तर शिपाई तेवढें धरून घंटा देऊं शकतो. तसा ठराविक उशीर खेळांतील जुळणीच्या सोयीनें भरून काढतां येतो. परंतु कधीं दोन मिनिटें मागें आणि कधीं चार मिनिटें पुढें असणाऱ्या घड्याळाला उपाय नाहीं. कंट्रोलरचा उशीर जर असा घटकेघटकेला बदलत असेल, तर तो स्वस्तांतहि महागच.

म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें. दुकानांत जाण्यापूर्वीं खेळाचें नांव आणि यंत्राचें नांव कागदावर लिहून न्यावें आणि दोहोंशीं मेळ असल्याची खात्री करून घ्यावी. बिनतारी गिटार जुनी घेत असाल, तर तिच्या बरोबरचा डोंगल म्हणून जो लहानसा ग्राहक असतो तो आहे कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळ गिटारी त्याच्यावांचून मुक्या होतात. घरीं आणल्यावर पाचहि बटणें एकेकटीं व जोडीनें दाबून पाहावीं, पट्टीचे झटके दोन्ही दिशांनीं मोजावे, आणि हें सर्व माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं करावें. आम्हीं शेवटीं परवाना घेतलेली गिटार आणली. तीहि मोजूनच ठेवून घेतली. मोजणी नातवानें केली.

अधिकृत असो वा तिऱ्हाईत, नांवावर विश्वास टाकण्यापूर्वीं उपकरणाची परीक्षा घ्यावी. आणि ती होईपर्यंत मुलाला नापास करूं नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.