मणक्यातील गादीची झीज : उपचारांचे मार्ग
(मुकुटबन येथील देणगीदार व रुग्ण-नातेवाईक मेळाव्यातील भाषण)



मुकुटबनच्या पंचक्रोशीत कापूस वेचणाऱ्या भगिनी दिवसभर वाकून राबतात. कोळसा खाणीत व सिमेंट कारखान्यात अनेक बांधव घाम गाळतात. ‘मणक्यात गॅप आली’ हे शब्द येथे घरोघरी ऐकू येतात आणि पाठोपाठ ऑपरेशनसाठी शेत गहाण टाकण्याचा विचारही येतो. म्हणूनच काही गोष्टी स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दोन मणक्यांमधील गादीला प्रौढ वयात रक्ताचा थेट पुरवठा जवळजवळ नसतो. वयोपरत्वे तिच्यातील पाणी घटते व उंची कमी होते. ही झीज म्हणजे रोगच, असे नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात, कंबरदुखी नसलेल्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. तात्पर्य, उपचार एमआरआयच्या फोटोवर नव्हे, तर रुग्णावर करावयाचे असतात.

प्रथम उपचार साधे आहेत : अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तेवढी हालचाल, डॉक्टरांच्या सल्ल्याने मोजकी वेदनाशामके, नियमित व्यायाम आणि बिडीचा त्याग. गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. काहींना मणक्यातील इंजेक्शनाने तात्पुरता आराम मिळतो. त्यानंतरही पायाची कळ असह्य राहिली, तर नसेवर दाबणारा गादीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. मात्र केवळ कंबरदुखीसाठी मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ तितका खात्रीचा नाही.

एक अपवाद कृपया ध्यानात ठेवावा. लघवी अडणे वा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळच्या एसटीची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे विलंब म्हणजे कायमचे अपंगत्व.

खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. शेत गहाण टाकण्याआधी त्याची चौकशी अवश्य करावी.

देणगीदारांस आमची नम्र विनंती एवढीच, की शस्त्रक्रियागृहाइतकेच व्यायामोपचार विभागाकडेही आपले लक्ष असावे. अनेकांची कंबर आणि अनेकांचे शेत तेथेच वाचते.